सोलापुरात भाषणाची परवानगी

आमचा आठवडा शुक्रवारी संपत असे. गुलबर्ग्याच्या हायस्कुलात गुरुवारी दुपारची घंटा झाली की शनिवारच्या हजेरीपर्यंत मोकळीक मिळे. परमुलखात जाऊन यायचे तर तेवढाच वेळ. आमचा परमुलूख म्हणजे सोलापूर. आगगाडीने तीन-चार तासांचा रस्ता. पण तिथे राज्य इंग्रजांचे, नाणे इंग्रजी कलदार, सुट्टी रविवारची. तिथली काही वर्तमानपत्रे अशी होती की परतताना पिशवीत सापडली तर निजाम सरकारचे जकातवाले ती स्टेशनावरच काढून घेत. आमच्यापैकी मुंबई कुणी पाहिली नव्हती आणि हैदराबाद दोघांनीच पाहिले होते. सोलापूरला मात्र प्रत्येकाच्या घरचे कुणी ना कुणी जाऊन आलेले होते. कुणी चादरींसाठी, कुणी डॉक्टरसाठी, कुणी दावा लढवायला.

युद्ध सुरू होऊन बराच काळ झाला होता आणि आमचे मॅट्रिकचे वर्ष संपत आले होते. एका गुरुवारी आम्ही सहा जण निघालो. काम एकाचेच होते. बाकीचे पाच सोबतीला.

वसतिगृहात आम्ही एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारत असू. या हकिगतीला त्यांतली तीन नावे पुरेत. खजुरी हा आळंद तालुक्यातल्या खजुरी गावचा. त्याच्या घरात कानडी, बाजारात मराठी आणि शाळेत उर्दू. निंबर्गा त्याच तालुक्यातल्या निंबर्ग्याचा, स्वभावाने सावध. पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपून पाहणारा. मेहकर हा भालकीकडच्या मेहकरचा. त्याचे उर्दू इतके वळणदार की शाळेतले उस्ताद आपल्या घरची पत्रे त्याच्याकडून लिहून घेत.

काम होते खजुरीचे. सोलापुरातल्या काही व्यापाऱ्यांनी बाहेरगावच्या, आमच्याकडच्याही, मुलांसाठी एक बोर्डिंग चालवले होते. राहणे आणि जेवण फुकट, कॉलेजात शिकायचे. येत्या जूनसाठी तिथे एक जागा रिकामी होती. खजुरीच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, त्याला स्वच्छ सांगितले होते, "मॅट्रिकपत्तूर शिकिवलं. पुढं सोलापुरात जागा मिळाली तर जा. न्हाई मिळाली तर आळंदच्या दुकानात बस. दोन्हीला माझी ना न्हाई."

दुकान धान्याच्या आडतीचे होते आणि चांगले चालत होते. खजुरीला तिथे बसायचे नव्हते. गुलबर्ग्याला पुढचे शिक्षण होते, पण तेही उर्दूतून. उर्दू पुस्तके तो पाठ करून पास होत आला होता आणि पाठांतराचा त्याला कंटाळा आला होता. समजून शिकायचे तर मुलूख बदलला पाहिजे, असे त्याचे मत होते. ते त्याने आम्हाला अनेकदा ऐकवले होते.

बोर्डिंगचा एक रिवाज होता. जागा मागणाऱ्याने तिथल्या मुलांसमोर उभे राहून दहा मिनिटे मराठीत बोलायचे. मग मुले प्रश्न विचारणार आणि हात वर करून मत देणार. ज्याच्याबरोबर राहायचे त्याला मुलांनीच पारखावे, असा त्यामागचा विचार. शेवटचा शब्द चालकांचा. पण मुलांच्या मताविरुद्ध ते सहसा जात नसत. खजुरीला विषय कळवला होता : माझे गाव.

गाडीत त्याने भाषण म्हणून दाखवले. ते आम्ही सगळ्यांनी मिळून रचले होते. निबंधाच्या पुस्तकांचा आधार होता.

"'सृष्टिदेवीने आपल्या हिरव्यागार पदराखाली झाकलेले माझे गाव...'"

"थांब," मेहकर म्हणाला. "तूर निघाल्यावर खजुरीत ढेकळं सोडून काय ऱ्हातंय? पदर कुठला आनलास?"

"पुस्तकात असंच अस्तंय."

"पुस्तकवाला खजुरीला आलता का?"

"तू लिवून दिलेलं वाक्य हाय ते."

"मी मेहकरचा हाय. आमच्याकडं पदर हाय. तुझ्यासाठी उसना दिला."

निंबर्गा हसला नाही. "चेष्टा करू नगा रे. जागा गेली तर ह्यो जन्मभर आडतीत तूर मोजत बसंल."

दुधनीच्या आगेमागे कुठेतरी हद्द संपली. ती नेमकी कुठे, ते कुणाच्या ध्यानात आले नाही. बाहेर ज्वारीची कापलेली शेते होती, तशीच राहिली.

आम्ही सहाही जण शेरवानीत होतो. शाळेचा तो पोशाख होता आणि परगावी जाताना त्याहून चांगला कपडा कुणाकडे नव्हता. बोर्डिंगच्या दारात पोचलो तेव्हा ओसरीवरच्या मुलांनी आमच्याकडे पाहिले.

"काय बे, कव्वाली हाय का आज?" एकाने विचारले.

"हाय की," मेहकर म्हणाला. "तबलजी मागच्या गाडीनं यायलाय."

मुले हसली आणि आम्हाला आत जागा मिळाली. चालक दिवसा एका शाळेत शिकवत आणि संध्याकाळी बोर्डिंग पाहत. मुले त्यांना अण्णा म्हणत. बारीक अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी खजुरीला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिले. "उद्या पाच वाजता. मुलं कॉलेजातून आली की." एवढेच सांगून ते आत गेले.

शुक्रवारी सकाळी गिरणीच्या भोंग्याने जाग आली. आमची सुट्टी होती आणि सगळे शहर कामाला चालले होते. ही गोष्ट आम्हाला ठाऊक होती, तरी डोळ्यांनी पाहताना विचित्र वाटली. शुक्रवार असून कचेऱ्या उघड्या, शाळा भरलेल्या. रस्त्यात तेलुगू, कानडी, मराठी, दखनी अशा चारही भाषा कानावर येत होत्या. त्या बाबतीत सोलापूर आम्हाला परके वाटले नाही. आम्ही किल्ला पाहिला, तलावाकाठी बसलो. आमच्यातले दोघे गिरण्या बघायला गेले ते संध्याकाळीच परतले. आम्ही चौघे जेवायला बोर्डिंगात आलो.

दाराबाहेर, रस्त्याच्या बाजूला, एक काळा फळा टांगला होता. सकाळी तो कोरा होता. आता त्यावर खडूने लिहिले होते : आज सायंकाळी पाच वाजता सभा. विषय, माझे गाव. वक्ते, निजाम हद्दीतील विद्यार्थी. सर्वांनी यावे.

निंबर्गा फळ्यापुढे उभा राहिला. त्याने तो दोनदा वाचला.

"परवानगी कुणाच्या नावानं हाय?" त्याने विचारले.

हा प्रश्न आम्हाला कुणालाही वेडगळ वाटला नाही. आमच्या मुलखात सभा म्हटली की परवानगी आली. व्याख्यान असो, वाचनालय असो, तालीम असो, आधी अर्ज द्यायचा. तो तहसिलीतून फिरून येई तेव्हा येई. परवानगी आली की सभेला पोलिसाचा जवान येऊन बसे. विनापरवाना चार माणसे जमवून कुणी बोलायला उभा राहिला, तर अमीन, म्हणजे पोलीस ठाण्याचा अधिकारी, बोलणाऱ्याला घेऊन जाई. निंबर्ग्याच्या गावची तालीम अशीच कुलूप लावून बंद होती. कागदाची मुदत संपली होती आणि नवा कागद आला नव्हता.

बोर्डिंगात त्या वेळी आचारी तेवढा होता. निंबर्ग्याने त्याला विचारले, "मामा, सभेची परवानगी काढलीय का?"

"कसली परवानगी? पाचला सभा, सातला जेवण. भात खाणार का पोळी, ते सांगा."

आचाऱ्याला काही ठाऊक नाही, हे उघड होते. अण्णा शाळेत, मुले कॉलेजात. आम्ही ओसरीवर बसून विचार केला.

"इंग्रजाचा मुलूख हाय," खजुरी म्हणाला. "हितं लागत नसंल."

"नसंल म्हंजे? तुला ठाव हाय का?" निंबर्गा म्हणाला. "निजामाला परवानगी लागती. निजामापेक्षा इंग्रज मोठा. मोठ्याला लागणार न्हाई, असं कसं व्हईल?"

"आन् फळ्यावर आपलं नाव हाय," मेहकर म्हणाला. "निजाम हद्दीतील. बोर्डिंगाचं न्हाई."

"आन् समज, तू बोलायला उभारलास आन् मधीच पोलीस आला," निंबर्गा खजुरीला म्हणाला. "सभा मोडली. मग जागा कोण द्यायलंय तुला?"

खजुरीने थोडा वेळ फळ्याकडे पाहिले. "चला," तो म्हणाला. "काढून टाकू."

आम्हाला त्यात शहाणपण वाटले. बोर्डिंगवाले विसरले असतील तर आपण त्यांची अडचण दूर करावी, असा हिशेब होता. मेहकरने अर्ज लिहिला. सरकारी कागद म्हणजे उर्दू, याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. त्याने सुरुवातीच्या तीन ओळी नुसत्या अदबीच्या घातल्या. चौथ्या ओळीत सभेची वेळ आणि पाचवीत विषय आला. शेवटी त्याने सरकारच्या दीर्घायुष्याची प्रार्थना केली. कोणत्या सरकारच्या, ते मोकळे ठेवले.

चौकी जवळच होती. हवालदाराने अर्ज हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हे काय आहे?"

"दरखास्त, साहेब," मेहकर म्हणाला.

हवालदाराने आतून एका शिपायाला बोलावले. त्याला उर्दू वाचता येत होते. तो मोठ्याने वाचू लागला आणि दुसऱ्याच ओळीला थांबला. "हवालदारसाब, इसमे आपको चाँद बोला है."

"कुणी?"

"ये छोकरे लोगां."

हवालदाराने आमच्याकडे पाहिले. मेहकर नम्रपणे जमिनीकडे पाहत होता. गलका ऐकून आतल्या खोलीतून फौजदार बाहेर आले. तरुण होते आणि घाईत दिसत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"बोर्डिंगात मुलं भाषण करणार. त्याला परवानगी लागत नाही. जा."

येथे आम्ही निघालो असतो तर पुढे सांगण्यासारखे काही उरले नसते. पण निंबर्गा हलला नाही.

"साहेब, तसं लिवून देता का?"

"काय लिहून देऊ?"

"परवानगी लागत न्हाई म्हणून."

फौजदारांची घाई संपली. ते टेबलाच्या कडेला बसले. "लिहून कशाला पाहिजे?"

"उद्या कुणी विचारलं तर दावायला."

"कोण विचारणार आहे? तुम्ही बोलणार काय आहात?"

"माझे गाव," खजुरी म्हणाला.

"गाव कुठलं?"

"खजुरी. तालुका आळंद."

"निजामाच्या हद्दीतलं. मग त्यावर सोलापुरात सभा कशाला?"

याचे उत्तर खजुरीने दिले, पण जागा, बोर्डिंग, अप्पा आणि आडत हे सगळे त्याने एकदम सांगितल्यामुळे फौजदारांना ते पटले नसावे. त्यांनी उर्दू वाचणाऱ्या शिपायाकडे बोट केले. "हा तुमच्याबरोबर येईल. बसेल, ऐकेल, परत येईल."

आम्ही चौघांनी एकदम सलाम केला. जवान मिळाला म्हणजे परवानगी मिळाली. आमच्याकडे याहून स्पष्ट मंजुरी नसते. निंबर्ग्याच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा समाधान दिसले. वाटेत मेहकरने शिपायाला पान खिलवले आणि दोघांनी उर्दू अक्षराच्या वळणांवर चर्चा केली.

बोर्डिंगच्या ओसरीवर मुले जमली होती. शिपायाची टोपी दारात दिसताच बोलणे थांबले. एक मुलगा वहीसारखे काहीतरी सदऱ्याखाली सारून जिन्याने वर गेला. त्याच्यामागे आणखी एक गेला. स्वयंपाकघरातून कागद जळाल्याचा वास आला. बोर्डिंगातल्या मुलांतले दोघे चळवळीपायी शिक्षा भोगून काही महिन्यांपूर्वी तुरुंगातून सुटून आले होते. आम्हाला ते नंतर कळले.

अण्णा बाहेर आले. त्यांनी शिपायाला नमस्कार केला, बसायला बाक दिला आणि खजुरीला आतल्या बोळात बोलावले. आम्हीही मागे गेलो.

"याला कुणी आणलं?"

"आम्ही, अण्णा," खजुरी म्हणाला. "परवानगी काढली."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाई. फळ्यावर सभा लिवलं व्हतं."

बोळाच्या तोंडाशी एक थोराड मुलगा येऊन उभा राहिला होता. तुरुंगातून सुटलेल्या दोघांपैकी तो एक.

"ह्याला जागा द्या, अण्णा," तो म्हणाला. "म्हंजे रोज फौजदार पंगतीला येईल. वाढायला मी थांबतो."

"आम्ही चांगल्यासाठी केलं," निंबर्गा म्हणाला.

"चांगल्यासाठी! पोलीस घरात आणलास बे तू. मेहुण्यासारखा आणलास, पान खाऊ घालून."

अण्णांनी हाताने त्याला थांबवले. ते खजुरीला म्हणाले, "आता सभा मोडली तर हा जाऊन सांगेल की त्याला पाहून मोडली. तेव्हा सभा होईल. तुम्ही बोला. पण जागेची आशा धरू नका."

खजुरीचा चेहरा उतरला. आम्ही बाहेर येऊन भिंतीशी बसलो. गिरण्या पाहून आलेले दोघे तेवढ्यात पोचले आणि काय झाले म्हणून खुणेने विचारू लागले.

खजुरी उभा राहिला. समोर तीसेक मुले, बाजूला खुर्चीत अण्णा, मागच्या बाकावर शिपाई. त्याने सुरुवात केली, "सृष्टिदेवीने आपल्या हिरव्यागार..." आणि तो थांबला. विसरला असावा, असे वाटून मेहकरने हळूच पुढचा शब्द सांगितला. खजुरीने त्याच्याकडे पाहून मान हलवली.

"हे खरं न्हाई," तो म्हणाला. "आमच्या गावात आता ढेकळं हायत. मी माझं सांगतो."

मग तो आपल्या बोलीत बोलू लागला.

"आमच्या शिवंला एक ओढा हाय. ओढ्याच्या अलीकडं निजाम, पलीकडं तुमचा मुलूख. माझ्या अक्काचं लग्न व्हतं. वाजंत्रीचा परवाना आळंदहून यायचा व्हता. मुहूर्त आला, परवाना आला न्हाई. अप्पा वाजंत्र्यांना म्हनले, पलीकडं जावा आन् तिथून वाजवा. नवरदेव ह्या काठानं चालत आला, वाजंत्री त्या काठानं. ओढा वळायचा तिथं वाजंत्री लांब जायची. मग नवरदेव थांबायचा. वाजंत्री जवळ येईपत्तूर आमची सारी वरात उन्हात उभी."

कुणीतरी हसले. त्याने वाट पाहिली नाही.

"तालमीत कुस्ती लावायची तरी परवाना लागतो. परवाना आला की जवान येतो. त्याला खुर्ची द्यायची, च्या द्यायचा. तो बसला की कुस्ती लागती आन् तो उठला की सुटती. एकदा कुस्ती रंगात आली आन् जवानाचं पोट दुखायलं. तो उठून गेला. दोघं पैलवान एकमेकांला धरून तसेच उभारले. सोडावं तर हार, लढावं तर गुन्हा. तो परत येईपत्तूर ते तसेच."

आता सगळी ओसरी हसत होती. मागच्या बाकावरचा शिपाईही हसला आणि मग भानावर येऊन त्याने टोपी नीट केली.

"म्हणून आज आम्ही चौकीत गेलतो," खजुरी म्हणाला. "जवान आल्याबगर सभा व्हत न्हाई, एवढंच आम्हाला ठाव. तुम्हाला त्रास व्हईल हे ठाव नव्हतं. आता तुमच्या तोंडाकडं बघून कळायलंय." तो थोडा थांबला. "माझं गाव वाईट न्हाई. माणसं चांगली हायत. ज्वारी चांगली येती. बोलायला तेवढी जागा न्हाई."

तो बसायला निघाला. अण्णा म्हणाले, "प्रश्न आहेत." तो पुन्हा उभा राहिला.

एका मुलाने ज्वारीबद्दल विचारले, एकाने इंग्रजी किती येते ते विचारले. मग तो थोराड मुलगा उठला. तो शिपायाकडे पाहून बोलत होता, खजुरीकडे नाही.

"समजा फौजदारानं नको म्हटलं असतं. मग काय केलं असतंस?"

आम्हाला उत्तर ठाऊक होते. ज्याने जागा मिळेल ते उत्तरही ठाऊक होते; ओसरीवर सगळ्यांना ठाऊक होते. मेहकरने भिंतीला टेकून डोळे मिटले.

"बोललो नसतो," खजुरी म्हणाला.

"आणि जागा?"

"गेली असती. दुकानात बसलो असतो."

"मग तुला घेऊन आम्ही काय करायचं?"

खजुरीला राग आला. त्याचा आवाज चढला, तेव्हा रस्त्यावरून जाणारी दोन माणसेही दारात थांबली.

"विचारल्याबगर बोलायला येत असतं, तर मी हितं कामून आलो असतो? तुम्हाला येतंय ते. तुम्ही हितंच वाढलाव. मला येत न्हाई. गावात राहून ते येणार न्हाई, गुलबर्ग्यालाही येणार न्हाई. जिथं येतंय तिथं ठेवा, न्हाई तर नगा ठेवू. खोटं बोलून जागा घेणार न्हाई."

थोराड मुलगा खाली बसला.

अण्णांनी हात वर करायला सांगितले. आम्हाला मोजता येऊ नयेत म्हणून आम्हाला भिंतीकडे तोंड करायला लावले. तोही तिथला रिवाज होता. मागे सदऱ्यांची सळसळ ऐकू आली. मग अण्णा म्हणाले, "वळा."

"अर्ध्याहून थोडे जास्त आहेत," ते खजुरीला म्हणाले. "मी आत वेगळं बोललो होतो. ते मागं घेतो. जूनमध्ये या. येताना वडिलांचा होकार आणा, आणि चौकीवर न जाता थेट इथं या."

खजुरीने त्यांच्या पायाला हात लावला. निंबर्ग्याने मोठा श्वास सोडला. शिपाई उठला. त्याने अण्णांना विचारले, "क्या बोलूं साब, चौकी में?"

"जे ऐकलंत ते सांगा."

"पैलवान का बोलूं?"

"जरूर सांगा."

तो हसत गेला. मुले पांगली तेव्हा थोराड मुलगा खजुरीजवळ आला. "मी हात वर केला नव्हता," तो म्हणाला.

"बरं."

"माझ्या खोलीत एक खाट रिकामी आहे. तिथंच टाक तुझी वळकटी. बघतो तुला."

आम्ही जेवून गाडी धरली. डब्यात मेहकरने नवरदेवाची आणि वाजंत्रीची नक्कल करून दाखवली. ओढा वळतो तिथे तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तोंडाने सनई वाजवत होता. खजुरी त्याला दुरुस्त करत होता, कारण वरात कुठे थांबली ते त्यालाच नीट ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी आम्ही सहाही जण हजेरीला होतो.

अप्पांनी आपला शब्द पाळला. जूनमध्ये खजुरी गेला. दिवाळीला तो गुलबर्ग्याला उतरला तेव्हा त्याने पुढची हकिगत सांगितली.

बोर्डिंगात रोज पोळी होई. खजुरीसह आमच्या हद्दीतल्या मुलांना भाकरी हवी होती. महिनाभर त्यांनी आपसांत कुरकूर केली. मग एका संध्याकाळी खजुरीने फळ्यावर सभा लिहिली, मुले जमवली आणि ज्वारीच्या बाजूने बोलला. थोराड मुलगा पोळीच्या बाजूने बोलला आणि हरला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी खजुरीला बोलावून घेतले.

"सभा भरवलीत. मला विचारलं होतं का?"

"न्हाई, अण्णा."

"का नाही?"

"विचारायचं सुचलं न्हाई."

अण्णा म्हणाले की चौकीला विचारायचे नसते, पण चालकांना विचारायचे असते. त्यांनी पुढच्या सभेचा विषय स्वतः ठरवला आणि खजुरीला आठवडाभर पाणी भरायला लावले. भाकरीचा ठराव मात्र त्यांनी मोडला नाही. मंगळवारी आणि शनिवारी बोर्डिंगात भाकरी होऊ लागली. पहिले काही दिवस ती खजुरीलाच थापावी लागली, कारण आचाऱ्याचा हात पोळीला बसलेला होता.